हायड्रा हरला, पण गोष्ट तिथे संपत नाही

‘एआयला घाबरू नका, माणूस आणि यंत्र ही जोडी एकट्या यंत्राला कायम भारी पडणार’, असं हल्ली प्रत्येक भाषणात ऐकतो. मला तेव्हा पत्रबुद्धिबळ आठवतं. पूर्वी चाल पोस्टकार्डावर लिहून पाठवायचे, आता सर्व्हरवर टाकतात. एकेका चालीला कितीतरी दिवस मिळतात.

जून २००५. लंडनमध्ये अबुधाबीच्या हायड्रा या महासंगणकाने ग्रँडमास्टर मायकेल ॲडम्सला ५.५–०.५ असं अक्षरशः धुतलं. पण २००४-०५ मध्येच पत्रबुद्धिबळातला जर्मन ग्रँडमास्टर आर्नो निकेल याने त्याच हायड्राला दोन डावांत हरवलं! मदतीला होते घरच्या कॉम्प्युटरवरचे साधे प्रोग्रॅम, हायड्रापेक्षा कमजोर. बेत निकेलचा, हिशेब प्रोग्रॅमचा. हायड्राला जिथपर्यंत दिसायचं, त्याच्या पलीकडचा विचार करायला निकेलकडे वेळ होता.

भाषणं इथेच थांबतात. इतिहास थांबला नाही.

आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ महासंघाच्या स्पर्धांत आज संगणक वापरायला मुभा आहे. स्टॉकफिशसारखा प्रोग्रॅम फुकटात मिळतो. दोन्हीकडे तेच बळ, त्यामुळे वरच्या पातळीवर बहुतेक सगळे डाव बरोबरीत सुटतात. माणूस बसलेला आहे, पण जिंकण्याएवढी भर घालणं त्याला फार क्वचित जमतं.

म्हणून पोरांना निकेलची अर्धीच गोष्ट सांगू नका. जोडीतली आपली जागा कायमची राखीव नसते, हेही सांगा.

तुम्हाला काय वाटतं?