नक्षीचे घर आणि विणकराचा दर

संगणकावर नक्षी रचणाऱ्या कोणत्याही तरुणास विचारा. तो सांगेल की सारी खुबी एका घरात आहे. एक चौकोनी घर घ्यावयाचे, त्यात वेल किंवा जाळी त्रिमितीत उभी करावयाची, आणि उजवी कड डावीशी, वरची खालचीशी जुळवावयाची. पुढे तेच घर शेकडो वेळा मांडण्याचे कष्ट यंत्राचे. मूळ घरातली एक पाकळी वळविली की भिंतभर पाकळ्या वळतात. ही विद्या नवी खरी. पण तिचे कूळ फार जुने आहे, आणि ते आपणां आष्टीकरांना परके नाही.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण व तेर यांची नावे आहेत. पैठणाहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांनी भडोच बंदरास जाई, असे त्यात सांगितले आहे. पुढे पैठणच्या मागावर जी पैठणी घडली, तिच्यात प्रत्येक रंगाची निराळी कांडी असते. विणकर धागे मोजून एक रंग दुसऱ्या रंगात अडकवितो. म्हणूनच अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर मोरच दिसतो. मागे लोंबते धागे सापडत नाहीत. येथे नक्षी राहते ती विणकराच्या डोक्यात व बोटांत.

औरंगाबादेच्या हिमरूत तिने एक पाऊल पुढे टाकले. तेथे मागावर दोऱ्यांचा जाला बांधीत. वर बसलेला सोबती ठरल्या क्रमाने दोऱ्या ओढी, खालचा धोटा फेकी. नक्षी आता डोक्यातून दोऱ्यांत उतरली. 1804 च्या सुमारास फ्रान्समधील लिऑन येथे जकार याने या दोऱ्या ओढणाऱ्याची जागा भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांना दिली. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तेथे खाली राही. हीच पुठ्ठ्यांची युक्ती बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणनयंत्रासाठी योजिली, आणि 1890 च्या अमेरिकन खानेसुमारीत हॉलरिथच्या यंत्रांनी ती आकड्यांच्या कामी आणली. आजच्या संगणकाचे एक मूळ असे विणकराच्या मागाखाली सापडते.

पंडितांनीही या घराचा हिशेब मांडला. सपाट पृष्ठावर नक्षी दोन्ही दिशांनी पुनःपुन्हा मांडण्याचे मूलतः 17 च प्रकार संभवतात, हे 1891 साली फ्योदोरॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने सिद्ध केले. कारागिराने ते सूत्र वाचले नव्हते. परंतु कड चुकली तर सारा पदर चुकतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आता दराकडे वळू. जकारच्या यंत्राला प्रारंभी विरोध झाला, म्हणून लिऑनच्या विणकरांचे बंड यंत्राविरुद्धच होते, असा समज आहे. तो बरोबर नाही. 1831 च्या ऑक्टोबरात विणाईचा किमान दर ठरला. काही व्यापाऱ्यांनी तो नाकारला, आणि नोव्हेंबरात विणकर उठले. 1834 चा दुसरा उठाव सैन्याने रक्तपात करून मोडला. झगडा पुठ्ठ्याशी नव्हता. पुठ्ठ्याने वाढलेल्या कमाईतला वाटा कोणाचा, हा होता.

आमच्या तालुक्यातल्या ऊसतोड कामगाराला हे समजावून द्यावे लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि दर टनावर लागतो. जे मोजले जाते, त्याचेच दाम मिळते. विणकराची मजुरी साडीवर मोजली जाते; पण नक्षी एकदा काढली आणि यंत्रमागावर हजार वेळा छापल्यासारखी विणली, तर त्या हजारांचा हिशेब नक्षीकाराच्या वहीत येत नाही. संगणकाने तर हजाराचे लाख करणे सोपे केले आहे.

तेव्हा आम्ही यंत्र बंद करा असे म्हणत नाही. आपल्या मुलांनी ते जरूर शिकावे. मात्र काम घेण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: नक्षीवर नाव कोणाचे, आणि ती पुन्हा वापरली तर दर काय. आणि ग्राहकांनी, मंडळी, पैठणी घेताना पदर उलटून पाहावा. हातमागाच्या नावावर यंत्राचा माल खपला, तर पहिला घास विणकराच्या ताटातून जातो.