विश्रांती की व्यायाम? मासिक पाळीच्या वेदनेवरून झालेल्या वादाचा इतिहास

१/ सन १८७३. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे माजी प्राध्यापक एडवर्ड क्लार्क यांचे ‘सेक्स इन एज्युकेशन’ हे छोटेखानी पुस्तक बॉस्टनमध्ये प्रसिद्ध झाले. मुलींनी मुलांच्या बरोबरीने अभ्यास केला, तर सारी शक्ती मेंदूकडे वळते आणि प्रजननसंस्था दुबळी राहते. म्हणून पाळीच्या दिवसांत अभ्यास व श्रम थांबवावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

२/ आधार होता मोजक्या रुग्ण मुलींच्या हकिकतींचा. तरीही पुस्तक हातोहात खपले. अमेरिकेत उच्च शिक्षणाची दारे मुलींसाठी नुकतीच किलकिली होत होती. ती पुन्हा लावून घेऊ इच्छिणाऱ्यांना आता वैद्यकशास्त्राचा हवाला मिळाला.

३/ पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या बॉयल्स्टन पारितोषिकासाठी विषय जाहीर झाला : पाळीच्या काळात स्त्रियांना विश्रांतीची गरज असते का, आणि असल्यास किती? निबंध निनावी पाठवायचे होते. १८७६ चे पारितोषिक मिळाले डॉ. मेरी पटनम जेकोबी यांना. त्याच हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश मिळायला मात्र १९४५ साल उजाडावे लागले.

४/ जेकोबी १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या होत्या. पुढे १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांनी पदवी घेतली, ती याच संस्थेतून.

५/ जेकोबींनी मते मांडण्याऐवजी माहिती गोळा केली. १,००० प्रश्नावल्या वाटल्या. २६८ स्त्रियांची उत्तरे आली. वेदना किती? शाळेत व्यायाम होता का? किती अंतर चालू शकता? शिवाय काही स्त्रियांच्या नाडीचे आलेख काढले, शरीराचे तापमान आणि स्नायूंची ताकदही तपासली.

६/ उत्तरे देणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांना पाळीत कसलाही त्रास नव्हता. व्यायामाची सवय असलेल्यांना त्रास कमी होता. निरोगी स्त्रीला पाळीमुळे सक्तीच्या विश्रांतीची गरज नाही, असा निष्कर्ष जेकोबींनी काढला.

७/ हा धागा पुढे उचलला क्लेलिया मोशर यांनी. स्त्रिया निसर्गतःच छातीने श्वास घेतात, असा तेव्हा समज होता. १८९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रबंधात मोशर यांनी तो खोडून काढला. छातीने श्वास घेण्याचे कारण स्त्रीदेह नव्हे, तर पोट आवळून टाकणारे कॉर्सेट, हे त्यांनी दाखवले.

८/ वैद्यकीय पदवी घेऊन १९१० मध्ये त्या स्टॅनफर्डला परतल्या आणि विद्यार्थिनींच्या आरोग्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांनी शिकवलेला व्यायाम अगदी साधा होता : कपडे सैल करून पाठीवर निजावे, गुडघे वाकवून पावले टेकवावीत, एक हात पोटावर ठेवावा. श्वास घेताना पोट वर येऊ द्यावे, सोडताना आत घ्यावे. सकाळी दहा वेळा, रात्री दहा वेळा. पुढे हा व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखला गेला.

९/ त्यामागे प्रदीर्घ मोजणी होती : २,००० हून अधिक स्त्रिया आणि सुमारे १२,००० पाळ्यांच्या नोंदी. आवळलेले कपडे, जड घागरे, बैठी दिनचर्या आणि ‘त्रास होणारच’ ही लहानपणापासूनची शिकवण, ही वेदनेची कारणे त्यांनी मांडली.

१०/ मात्र या विचाराला एक धोकादायक टोकही होते. दोष सवयींचा मानला, तर वेदना ही त्या स्त्रीचीच चूक ठरते. १९५७ मध्ये व्ही. आर. पिकल्स यांना पाळीच्या स्रावात स्नायू आकुंचित करणारे द्रव्य आढळले. त्यातून प्रोस्टाग्लँडिनचा उलगडा झाला : ती वाढली की गर्भाशय जोराने आवळते, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि कळा येतात. वेदना मनाचा खेळ नव्हती.

११/ व्यायामाचे काय? २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार आठवड्यातून किमान तीनदा, ४५ ते ६० मिनिटांच्या व्यायामाने वेदना लक्षणीय कमी होऊ शकते. पुरावा अजून भक्कम नाही, हेही त्यात नमूद आहे. एंडोमेट्रिओसिससारखा आजार असेल, तर वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही.

१२/ क्लार्क यांनी पाळीची वेदना पाहिली आणि मुलींना वर्गाबाहेर बसवण्याचा सल्ला दिला. जेकोबी आणि मोशर यांनी तीच वेदना पाहिली आणि शेकडो स्त्रियांना विचारले : नेमके दुखते किती, आणि कशाने कमी होते?