व्हांगानुई: पूर्वज मानलेल्या नदीचा इतिहास

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर तोंगारिरो पर्वताच्या उतारावर उगम पावणारी व्हांगानुई नदी सुमारे २९० किलोमीटर वाहून टास्मान समुद्राला मिळते. इसवी सनाच्या तेराव्या-चौदाव्या शतकांत पॉलिनेशियातून होड्यांनी येऊन या देशात वसलेल्या लोकांचे वंशज म्हणजे माओरी. त्यांच्यापैकी या नदीच्या खोऱ्यातील कुळांनी तिला आपली पूर्वज मानले. माओरी परंपरेतील 'फाकापापा', म्हणजे वंशावळ, माणसांपुरती मर्यादित नसून तीत डोंगर, नद्या आणि देवताही गुंफलेल्या असतात. त्यामुळे पाण्यावरचा हक्क सांगताना मालकीपेक्षा नाते आणि त्यातून येणारी राखणीची जबाबदारी पुढे ठेवली जाते. 'फारेनुई' या सभागृहाची बांधणीही याच धारणेची आहे: आढे हा पूर्वजाचा कणा, तर वासे या त्याच्या बरगड्या मानल्या जात असल्याने तेथे जमलेले कूळ पूर्वजाच्या देहातच बसलेले असते.

१८४० मध्ये ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात झालेल्या वाइतांगीच्या कराराने जमिनी, जंगले आणि मासेमारीच्या जागा माओरींच्या ताब्यात राहतील अशी हमी दिली होती. व्हांगानुईच्या पात्रात लाकडी खांब रोवून बांध घातले जात आणि प्रवाहाबरोबर येणारे वाम मासे त्या बांधांच्या टोकाशी, वेलींच्या विणलेल्या पिंजऱ्यांत पकडले जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगबोटींना वाट मोकळी करण्यासाठी असे अनेक बांध काढून टाकण्यात आले, आणि १९०३ च्या एका कायद्याने नौकानयनयोग्य नद्यांचे पात्र सरकारच्या मालकीचे ठरवले. १९३८ पासून १९६२ पर्यंत चाललेल्या न्यायालयीन लढ्यात अखेर कुळांच्या पदरी निराशाच आली, कारण इंग्रजी कायदा पात्र, काठ आणि पाणी यांचा वेगवेगळा विचार करीत होता, तर कुळांच्या लेखी नदी उगमापासून मुखापर्यंत अखंड होती.

कराराच्या उल्लंघनाच्या तक्रारी ऐकण्यासाठी १९७५ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले आणि १९८५ पासून १८४० पर्यंत मागे जाणारी प्रकरणेही त्याच्या कक्षेत आली. या न्यायाधिकरणापुढे वंशावळी, मौखिक परंपरा आणि स्थळांची नावे यांना पुराव्याचे वजन लाभले. न्यायाधिकरणाच्या १९९९ च्या अहवालाने कुळांची बाजू उचलून धरली आणि २०१७ च्या 'ते आवा तुपुआ' कायद्याने नदीला, तिच्या भौतिक व आध्यात्मिक घटकांसह, कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. तिच्या वतीने बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची निवड सरकार करते, तर दुसऱ्याची नदीशी नाते असलेली कुळे.

राष्ट्राचा इतिहास केवळ करारनामे आणि सरकारी दप्तरे यांवर रचला, तर व्हांगानुईचा वाद मालमत्तेचा एक दीर्घ खटला एवढाच उरतो. कुळांच्या श्रद्धेला इतिहासाचे साधन मानले, तरच ती कुळे पिढ्यान्‌पिढ्या का झगडत राहिली हे उमगते. म्हणून एखाद्या देशाच्या अभ्यासात तेथील लोकांच्या श्रद्धांना परिशिष्टात नव्हे, तर मुख्य प्रकरणातच स्थान मिळाले पाहिजे.