हक्काचे जेवण, पण अर्ज केला तरच : इंग्लंडमधील मोफत शालेय भोजन आणि 'आपोआप नोंदणी'

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत पहिली ते आठवीत शिकणाऱ्या मुलाला दुपारचे जेवण मिळावे म्हणून आईवडिलांना अर्ज करावा लागत नाही. पटावर नाव आहे आणि मूल हजर आहे, एवढे पुरते. इंग्लंडमध्ये तसे नाही. तिथे गरीब घरातल्या मुलाला शाळेत मोफत जेवण मिळणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे, पण तो पालकाने मागितला तरच मिळतो. मूल पात्र आहे हे सरकारी संगणकाला माहीत असले, तरी अर्ज आला नाही म्हणून मूल डबा घेऊन येते, पैसे भरून जेवते किंवा उपाशी राहते. म्हणूनच पात्र मुलांची नोंदणी सरकारने आपणहून करावी, ही मागणी तिथे काही वर्षांपासून जोर धरून आहे. तिथल्या चर्चेत तिला 'ऑटो एन्रोलमेंट' म्हणतात. आपण तिला आपोआप नोंदणी म्हणू.

हा विषय आमच्या वाचकांसमोर ठेवण्याची दोन कारणे आहेत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील काहींना या हक्काची माहितीच नसते. दुसरे कारण घरातले आहे. 'पात्र आहे पण मिळत नाही' हे दुखणे आपल्या समाजाला शिष्यवृत्तीच्या रांगेत चांगलेच माहीत आहे.

हक्क कसा आला, कसा आक्रसला

इंग्लंडमध्ये शाळेत जेवण देण्याचा पहिला कायदा १९०६ चा. बोअर युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला आलेले कामगार वर्गातील तरुण कुपोषणाने इतके खंगलेले निघाले की सत्ताधाऱ्यांना काळजी वाटू लागली. ब्रॅडफर्डमध्ये मार्गारेट मॅकमिलन आणि फ्रेड जोवेट यांनी उपाशी शाळकरी मुलांचा प्रश्न लावून धरला होता. त्या कायद्याने स्थानिक संस्थांना जेवण देण्याची मुभा मिळाली, सक्ती मात्र झाली नाही. जेवण पुरवणे हे कर्तव्य झाले ते १९४४ च्या शिक्षण कायद्याने. पुढे १९८० मध्ये थॅचर सरकारने ते कर्तव्य काढून घेतले आणि फक्त सर्वांत गरीब कुटुंबांतील मुलांपुरते ठेवले. म्हणजे आधी सगळ्यांचे असलेले जेवण 'गरिबांचे जेवण' झाले. आज अर्ज, पडताळणी आणि लाज हे जे तीन अडथळे दिसतात, त्यांना खरे बळ इथूनच मिळाले असे आमचे मत आहे.

२०१४ पासून इंग्लंडमधील सरकारी शाळांत रिसेप्शन, पहिली आणि दुसरी या तीन वर्गांतल्या सर्व मुलांना मोफत जेवण मिळते. त्यापुढच्या वर्गांसाठी उत्पन्नाची अट येते. एप्रिल २०१८ मध्ये ठरले की 'युनिव्हर्सल क्रेडिट' हे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारे मासिक सरकारी साहाय्य घेणाऱ्या घराची कर वजा जाता कमाई वर्षाला ७,४०० पौंडांपेक्षा जास्त नसावी. सरकारकडून मिळणारे साहाय्य त्यात धरत नाहीत, पण तरीही ही रक्कम फारच तुटपुंजी आहे. पुढे महागाई वाढत गेली, तरी ही मर्यादा वर्षानुवर्षे तिथेच राहिली. आठवड्यात चार तास काम जास्त मिळाले म्हणून मुलांचे जेवण गेले, अशा कैचीत कामकरी आईबाप सापडत राहिले.

जून २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने ही मर्यादा काढायचे जाहीर केले. सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या घरातले प्रत्येक मूल पात्र, असा हा निर्णय आहे. यामुळे पाच लाखांहून अधिक मुले नव्याने पात्र ठरतील आणि एका मुलामागे घराचे वर्षाला ५०० पौंडांपर्यंत वाचतील, असे सरकार सांगते. निर्णय मोठा आहे आणि स्वागतार्हही. पण पात्रता रुंद झाली म्हणून दार आपोआप उघडत नाही.

पात्र असूनही मुले बाहेर का राहतात

इंग्लंडच्या शिक्षण खात्याने स्वतः २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत शंभर पात्र मुलांपैकी सुमारे अकरा मुलांची नोंदणीच झालेली नव्हती. कारणे ओळखीची वाटतील. काहींना योजना माहीत नसते. अर्ज इंग्रजीत आणि बहुतेक ऑनलाइन असतो. त्यात पालकाचा 'नॅशनल इन्शुरन्स' क्रमांक लागतो. काहींची कमाई महिन्यागणिक बदलते आणि आपण बसतो की नाही हेच त्यांना कळत नाही. धाकट्या वर्गांत सगळ्यांनाच मोफत मिळते, त्यामुळे तेव्हा अर्ज कशाला करायचा असे वाटते. मग मूल तिसरीत गेले की एकदम पैसे भरायची वेळ येते.

आणि लाज असते. पूर्वी कित्येक शाळांत मोफत जेवणाऱ्या मुलांना वेगळे तिकीट असे किंवा वेगळी रांग. आता बऱ्याच शाळांत कार्ड किंवा बोटाच्या ठशावर जेवण मिळते, त्यामुळे कोण मोफत जेवतो हे शेजारच्या मुलाला कळत नाही. तरी शाळेच्या खिडकीशी जाऊन 'आम्ही गरीब आहोत' असे लिहून द्यायचे, हे आईबापांना जड जातेच. पंगतीत वेगळे बसवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको.

यात केवळ ताटाचा प्रश्न नाही. २०११ पासून इंग्लंडमध्ये 'प्युपिल प्रीमियम' नावाचा निधी आहे. मोफत जेवणासाठी नोंद झालेल्या प्रत्येक मुलामागे शाळेला जादा पैसे मिळतात. २०२५-२६ साठी ही रक्कम प्राथमिक शाळेत १,५१५ पौंड आणि माध्यमिक शाळेत १,०७५ पौंड आहे. एकदा नोंद झाली की पुढची सहा वर्षे तो निधी शाळेकडे येत राहतो. त्यातून शाळा जादा शिक्षक, शिकवणीचे लहान गट, सहली अशा गोष्टी करते. म्हणजे एका घराने अर्ज भरला नाही तर त्या मुलाचे जेवण जाते आणि शाळेचेही हजारो पौंड जातात. ज्या वस्तीत लोकांना अर्ज करणे सर्वांत अवघड, तिथल्या शाळेचे सर्वांत जास्त नुकसान. सप्टेंबर २०२६ पासून केवळ नव्या निकषाने पात्र ठरणाऱ्या मुलांमागे हा निधी मिळणार नाही, असे सरकारने सांगितले आहे. त्यामुळे जुन्या निकषात बसणारे मूल कोणते, हे शोधून काढण्याची गरज पुढेही संपणार नाही.

आपोआप नोंदणी प्रत्यक्षात कशी होते

देशभर लागू होईल अशी व्यवस्था नसली तरी काही स्थानिक कौन्सिलांनी आपापल्या परीने हे सुरू केले. शेफिल्डचे नाव यात नेहमी घेतले जाते. लंडनमधील लुईशमनेही हा मार्ग धरला. पद्धत साधी आहे. घरभाड्याची मदत आणि 'कौन्सिल टॅक्स' म्हणजे घरपट्टीतील सवलत कोणत्या कुटुंबांना मिळते याची यादी कौन्सिलकडे असतेच. शाळांच्या पटाची माहितीही असते. दोन्ही याद्या ताडून पाहिल्या की पात्र असूनही नोंद नसलेली मुले सापडतात. शिक्षण खात्याची पडताळणीची संगणकीय यंत्रणा आहे, तिच्यावर पालकाची पात्रता तपासतात. मग घरी पत्र जाते : तुमचे मूल मोफत जेवणासाठी पात्र आहे, आम्ही त्याची नोंद करत आहोत, नको असेल तर अमुक तारखेपर्यंत कळवा. कोणी कळवले नाही तर नोंद होते.

सगळी किमया त्या शेवटच्या वाक्यात आहे. पूर्वी गप्प बसणारा बाहेर राहत असे, आता गप्प बसणारा आत येतो. नको म्हणण्याचा हक्क मात्र शाबूत राहतो.

अडचण कायद्याच्या शब्दांत आहे. १९९६ च्या शिक्षण कायद्यात मोफत जेवणासाठी मुलाने किंवा 'त्याच्या वतीने' कोणीतरी मागणी केलेली असली पाहिजे असे म्हटले आहे. कौन्सिल मुलाच्या वतीने मागणी करते असे मानून मार्ग काढला जातो. पण प्रत्येक कौन्सिलच्या वकिलाला हे पटतेच असे नाही. एका कामासाठी गोळा केलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरता येते का, हा माहिती संरक्षण कायद्याचा प्रश्नही प्रत्येक ठिकाणी नव्याने चघळला जातो. त्यामुळे एका शहरात मुलाला न मागता जेवण मिळते आणि दहा मैलांवरच्या दुसऱ्या शहरात तशाच घरातल्या मुलाला मिळत नाही.

यादी ताडण्याच्या कामातही खाचखळगे आहेत. आईचे आडनाव एक, मुलाचे दुसरे. घर बदलले पण पत्ता तोच राहिला. नावाचे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळे. आपल्याकडची नावे आठवा, एकाच घरात 'वाघमारे' तीन तऱ्हेने लिहिलेले सापडेल. शिवाय कौन्सिलच्या यादीत तेच कुटुंब असते ज्याने आधी कुठलीतरी सवलत मागितलेली आहे. ज्याने काहीच मागितलेले नाही तो या चाळणीतूनही निसटतो.

युनिव्हर्सल क्रेडिट कोणाला मिळते हे केंद्र सरकारच्या एका खात्याला माहीत आहे, कोणते मूल कोणत्या शाळेत आहे हे दुसऱ्या खात्याला. त्यांनी एकमेकांशी बोलावे, असे मोहीम चालवणाऱ्यांचे म्हणणे आहे. आपोआप नोंदणीसाठी मजूर पक्षाचे खासदार पीटर लॅम्ब यांनी संसदेत खासगी विधेयकही मांडले. खासगी विधेयकांचे नशीब तिथेही आपल्यासारखेच असते. सरकार सध्या पात्रता तपासणे सोपे करण्यावर भर देते. सोपा अर्ज आणि अर्जच नको, यांतला फरक त्यामुळे मिटत नाही.

यावर एक तिसरा मार्गही सुचवला जातो : सगळ्याच मुलांना जेवण द्या, निवड कशाला? वेल्सने सर्व प्राथमिक वर्गांना मोफत जेवण दिले. स्कॉटलंडमध्ये पहिल्या पाच वर्गांना मिळते. लंडनमध्ये महापौर सादिक खान यांनी सप्टेंबर २०२३ पासून सरकारी प्राथमिक शाळांतील सर्व मुलांना ते लागू केले. ताटापुरता हाच उत्तम मार्ग आहे असे आम्हाला वाटते, कारण त्यात कोणाच्याच गरिबीची चौकशी होत नाही. पण लंडनच्या शाळांना एक वेगळा प्रश्न पडला. जेवण मिळतेच म्हणून पालक अर्ज भरत नाहीत आणि अर्ज नाही म्हणून प्युपिल प्रीमियम बुडतो. म्हणजे सर्वांना जेवण दिले तरी आपोआप नोंदणी लागतेच.

व्हिसावरील मराठी कुटुंबांसाठी

ब्रिटनमध्ये नोकरी, वृद्धसेवा, परिचर्या किंवा शिक्षणासाठी गेलेल्या अनेकांच्या व्हिसावर सरकारी साहाय्य घेता येणार नाही अशी अट असते. अशा घरांना युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे ते कोणत्याही यादीत नसतात. आपोआप नोंदणी उद्या देशभर झाली तरी ती त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. पण हक्क त्यांनाही आहे. करोनाच्या काळात तात्पुरती दिलेली सोय पुढे कायम झाली. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल आणि बचत १६,००० पौंडांपेक्षा जास्त नसेल, तर मुलाला मोफत जेवण मिळू शकते. लंडनमध्ये आणि लंडनबाहेर, तसेच एक मूल आणि अधिक मुले यांसाठी उत्पन्नाची मर्यादा वेगवेगळी आहे.

या कुटुंबांना वाटणारी मोठी भीती व्हिसाची असते. मोफत शालेय भोजन हे व्हिसाच्या नियमांतील 'सार्वजनिक निधी'च्या यादीत येत नाही. त्यामुळे त्यासाठी अर्ज केल्याने व्हिसाची अट मोडत नाही. अर्ज शाळेच्या कार्यालयात किंवा कौन्सिलकडे करावा लागतो आणि पगाराचे पुरावे द्यावे लागतात. रिसेप्शन ते दुसरीपर्यंत तर उत्पन्न न पाहता सर्वच मुलांना जेवण मिळते, व्हिसा कोणताही असो. ओळखीत असे कुटुंब असेल तर एवढे त्यांना सांगावे.

आणि आपल्याकडे

भारतात २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. ते सर्वांना होते, म्हणून अर्ज आला नाही. आपल्याकडे भांडण वेगळे झाले : कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाशेजारी बसायचे. म्हणूनच २००४ मध्ये न्यायालयाला स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्या असे सांगावे लागले.

अर्जाची भिंत आपल्याला लागते ती पुढे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते त्या काळातली. आज अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला ती महाडीबीटीवर अर्ज करून मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले खाते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नूतनीकरण. यातला उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयच देते. जातीची नोंद शाळेच्या दाखल्यावर आणि शिक्षण खात्याच्या 'सरल' प्रणालीत असते. रेशन कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे पुरवठा खात्याला माहीत असते. एका खात्याने दिलेला कागद दुसऱ्या खात्याला दाखवण्यासाठी बाप मजुरी बुडवून सेतू केंद्रात उभा राहतो.

दहावी पास झालेल्या मुलीचे नाव, जात आणि शाळा सरकारच्या नोंदीत असताना अकरावीच्या प्रवेशाबरोबर 'आपण शिष्यवृत्तीस पात्र दिसता, नोंद करत आहोत, हरकत असल्यास कळवा' असे पत्र समाजकल्याण खात्याकडून का येऊ नये? सध्या जे येते ते अर्जाला मुदतवाढ दिल्याचे परिपत्रक, आणि तेही आधी महाविद्यालयाच्या फलकावर लागते.