‘डिस्टर्ब्ड’ एवढ्याने भागत नाही

स्पॅनिश वनस्पतिग्रंथ आणि वाळवलेल्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या इंग्रजीत आणणाऱ्यांमध्ये एक मत रूढ आहे. माणसाच्या हाताने बदललेल्या जागेला स्पॅनिशमध्ये कितीही शब्द असोत, इंग्रजीत ‘डिस्टर्ब्ड’ लिहिले की काम झाले. या पक्षाचे दोन मुद्दे वजनदार आहेत. परिसरशास्त्रात हा शब्द निंदाव्यंजक नाही. फिलिप ग्राइम यांनी १९७७ मध्ये वनस्पतींचा जीवभार अंशतः वा पूर्णपणे नष्ट होण्याशी त्याची सांगड घातली. शिवाय हजारो नोंदी एकत्र शोधायच्या तर सामायिक शब्द लागतोच.

पण शास्त्रातली संज्ञा काटेकोर आहे म्हणून तिच्याखाली झाकलेला तपशील निरुपयोगी ठरत नाही. ‘आर्वेन्से’ म्हणजे पिकात उगवणारे तण. ‘रुदेराल’ म्हणजे पडक्या भिंती, राडारोडा, रस्त्याची कड इथले. ‘नित्रोफिला’ म्हणजे गोठ्याभोवती, शेणमुताने नत्र साठलेल्या जमिनीतले. नेगीया, म्हणजे अ‍ॅग्रोस्टेमा गिथागो, हे गव्हातले गुलाबी फुलांचे तण घ्या. त्याचे बी मातीत फार काळ तग धरत नाही. ते गव्हाबरोबर कापले जाई, मळले जाई आणि पुढच्या हंगामात गव्हाबरोबरच पेरले जाई. बियाणे यंत्राने स्वच्छ होऊ लागले आणि पश्चिम युरोपातून ते जवळजवळ हद्दपार झाले. ‘डिस्टर्ब्ड जागी आढळते’ असे वाचणारा त्याला रस्त्याकडेला शोधत बसेल.

‘सुएलोस रेमोविदोस’ हा तर सरळ सापळा आहे. उकरलेली, खालीवर केलेली माती असा त्याचा अर्थ. अक्षरसाम्याला भुलून ‘रिमूव्ह्ड’ लिहिले, तर माती खरवडून नेलेली जागा डोळ्यांपुढे येते. इथे ‘डिस्टर्ब्ड’ नक्कीच बरे. ‘उकरलेली’ असे स्पष्ट सांगणारा शब्द त्याहून बरा.

सर्वांत मोठे नुकसान मेक्सिकोतल्या ‘अकावाल’चे होते. रान तोडून, जाळून मका, घेवडा, भोपळा यांची मिल्पा काही वर्षे पिकवायची आणि मग जमीन सोडून द्यायची. त्या विसाव्यात जो झाडझाडोरा माजतो तो अकावाल. शेतकरी पुन्हा तिथे येणार असतो. ‘डिस्टर्ब्ड’मध्ये हे परत येणे कुठेच नाही, वाचकाला फक्त मोडलेले जंगल दिसते. आर्तुरो गोमेस-पोम्पा आणि अँड्रिया कौस यांनी १९९२ मध्ये निर्मनुष्य रानाच्या कल्पनेलाच आव्हान दिले, ते अशाच वहिवाटींच्या आधाराने. मिल्पात खुरपताना काही पालेभाज्या मुद्दाम राखतात, वेरदोलागाही खातात. ती म्हणजे आपली घोळ. जिथे माणूस झाड राखतो आहे, तिथे त्याची नोंद केवळ मोडतोड करणारा म्हणून होणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून माझा पक्ष असा: शोधासाठी ‘डिस्टर्ब्ड’ हा शब्द वेगळ्या रकान्यात खुशाल असावा. मजकुरात मात्र नांगर, गुरे, आग, रस्ता यांपैकी मुळात जे असेल तेच यावे, आणि ‘अकावाल’ तसाच ठेवून पुढे अर्थ द्यावा. मूळ लेखकानेच नुसते ‘पेर्तुर्बादो’ लिहिले असेल, तर ‘डिस्टर्ब्ड’च हवे, तिथे अंदाजाने गुरे घुसवायचा अधिकार भाषांतरकाराला नाही.