जळालेल्या तारांचे दप्तर

इलेक्ट्रॉनिक यंत्राचे आयुष्य आणि त्यातील चिपचे आयुष्य यांचा मेळ क्वचितच बसतो. विमान, रेल्वेची सिग्नलयंत्रणा किंवा वीजकेंद्राचे नियंत्रणफलक तीस-चाळीस वर्षे चाकरी करतील अशा हिशेबाने उभारले जातात. परंतु त्यांतील चिप ज्या कारखान्यात तयार होते, त्याचे चित्त पुढील पिढीच्या मालाकडे लागलेले असते, आणि मागणी रोडावली की उत्पादन बंद होत असल्याची नोटीस ग्राहकाच्या हाती पडते. ठरावीक कामाची साधी चिप बंद झाली तर तिच्या जोडीची दुसरी शोधता येते, कारण तिचे वर्तन छापील पुस्तकात नमूद असते. प्रोग्रामेबल लॉजिक चिपची गोष्ट निराळी आहे. ती कारखान्यातून कोरी येते आणि अभियंता तिच्यात आपली योजना उतरवतो. त्यामुळे ती गेल्यावर तशीच दुसरी कोरी चिप मिळवूनही कार्यभाग साधत नाही, पहिलीच्या पोटात काय लिहिले होते हे ठाऊक असावे लागते.

अभियंत्याला आपल्या टेबलावरच लिहिता येतील अशा चिपा १९७५ च्या सुमारास अमेरिकेच्या बाजारात आल्या. सिग्नेटिक्स कंपनीच्या ८२एस१०० या चिपला १६ निविष्टी, ८ निर्गम आणि त्यांना जोडणाऱ्या ४८ तार्किक पदांचे जाळे होते. जाळ्यातील सूक्ष्म तारा, म्हणजे फ्यूज, विद्युत्प्रवाहाने जाळून हवा तो तर्क शिल्लक ठेवायचा, अशी तिची रीत. पुढे १९७८ मध्ये मोनोलिथिक मेमरीज या कंपनीत जॉन बर्कनर आणि एच. टी. चुआ यांनी हे जाळे निम्म्याने सोपे केले, आणि त्याच्या दोन थरांपैकी एकच लिहिण्याजोगा ठेवून वेगवान, स्वस्त व केवळ २० पायांची ‘पॅल’ जन्माला घातली. डेटा जनरल कंपनीच्या एमव्ही/८००० या संगणकात पॅलचा मुक्तहस्ताने वापर झाला, आणि त्या संगणकाच्या निर्मितीची हकीकत सांगणाऱ्या ट्रेसी किडर यांच्या १९८१ च्या ग्रंथामुळे या चिपचे नाव अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेरही पोहोचले.

पॅलबरोबर बर्कनर यांनी पॅलॅझम नावाची एक आज्ञावली दिली होती, आणि या इतिहासाच्या दृष्टीने तिचे महत्त्व चिपइतकेच आहे. अभियंत्याने बूलीय समीकरणे लिहावीत, आज्ञावलीने त्यांवरून कोणती तार जाळायची आणि कोणती राखायची याचा तक्ता काढावा, आणि प्रोग्रामर यंत्राने तो तक्ता चिपवर उतरवावा, असा हा क्रम होता. पुढे जेडेक या संस्थेने तक्त्याचा नमुना प्रमाणित केला आणि १९८३ च्या आसपास एबेल व कपल या अधिक सोयीच्या भाषा आल्या. परंतु कारखान्याच्या दैनंदिन कामाला केवळ तक्ता पुरे होत असल्यामुळे तोच नेमाने दप्तरी दाखल होई, आणि समीकरणांचा कागद, ज्यात अभियंत्याचा हेतू शब्दबद्ध झालेला असे, तो त्या अभियंत्याच्या टेबलाच्या खणात राही व त्याच्या बदलीबरोबर किंवा निवृत्तीबरोबर नाहीसा होई. पुष्कळ चिपांत चोरी टाळण्यासाठी एक जादा सुरक्षा-फ्यूज असे. तो जाळला की आतील मजकूर बाहेरून वाचता येत नसे. जो बंदोबस्त परक्यांसाठी केला, तोच वीस वर्षांनी मूळ मालकाच्या वाटेत आडवा आला.

तक्ता हाती असला तर मात्र सुटका सोपी होती. ओरेगॉनमधील लॅटिस कंपनीने १९८५ मध्ये आणलेली ‘गॅल’ विजेनेच पुसून पुन्हा लिहिता येई, आणि तिचा १६व्ही८ हा एकच प्रकार अनेक जातींच्या पॅलची जागा घेई. तक्त्याचे रूपांतर करून देणाऱ्या आज्ञावलीही मिळत. परंतु गॅलमधील मजकूर विद्युत्भाराच्या रूपाने साठवलेला, आणि तो २० वर्षे टिकण्याचीच हमी कंपनी देत असे. कालांतराने लॅटिसनेही गॅलचे उत्पादन थांबवले.

तक्ताही हरवला असेल तर काय करावे, याचे बोधप्रद उदाहरण १९८२ च्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाचे आहे. त्यातील स्मृतीची वाटणी करणारी चिप ८२एस१०० च्याच कुळातली, आणि ती निकामी होणे ही त्या यंत्राची प्रसिद्ध व्याधी होय. तिला १६ निविष्टी असल्यामुळे एकूण ६५,५३६ स्थिती संभवतात. प्रत्येक स्थिती क्रमाने देऊन उत्तर टिपून घेतले की ६४ किलोबाइटांचे कोष्टक तयार होते, आणि ते २७५१२ या ईप्रॉम जातीच्या स्मृतिचिपमध्ये नेमके मावते. या उपायाने असंख्य संगणक पुन्हा चालू झाले; तथापि काही कार्ट्रिजे त्यांच्यावर नीट चालेनात. उत्तरे बरोबर असली तरी ती येण्याची वेळ निराळी होती, आणि कोणत्याही समीकरणात न लिहिलेल्या, मूळ चिपच्या त्या वेळेवर कोणीतरी नकळत विसंबले होते. ज्या चिपांच्या पोटात मागील स्थिती लक्षात ठेवणारी रजिस्टरे असतात, तेथे तर हा मार्ग याहून बिकट होतो, कारण एकाच प्रश्नाला पूर्वेतिहासानुसार निरनिराळी उत्तरे मिळतात.

या अडचणीचे गांभीर्य अमेरिकेच्या संरक्षण खात्याने बरेच आधी ओळखले होते. पुरवठादाराने दिलेल्या सर्किटाचे वर्तन, ते कोणत्या कारखान्यात व कोणत्या तंत्राने बनले यावर अवलंबून न राहता, लेखी स्वरूपात सरकारी दप्तरी राहावे, हा व्हीएचडीएल या भाषेच्या निर्मितीमागील एक प्रमुख उद्देश होता, आणि १९८७ मध्ये ती प्रमाणभाषा म्हणून मान्य झाली. पुढे तिच्यापासून थेट चिप घडवता येऊ लागल्यावर तिचा हा दस्तऐवजी उद्देश मागे पडला, हे खरे. परंतु जुनी योजना नव्या चिपवर उतरवणारा आजचा अभियंता प्रथम व्हीएचडीएल किंवा तशाच व्हेरिलॉग या भाषेतील मजकुराचीच चौकशी करतो.

दरम्यान कंपन्यांचीही स्थित्यंतरे होत राहिली. मोनोलिथिक मेमरीज १९८७ मध्ये एएमडीत विलीन झाली, प्रोग्रामेबल चिपा बनवणारी अल्टेरा २०१५ मध्ये इंटेलने घेतली, आणि १९८५ मध्ये एफपीजीए या अधिक मोठ्या प्रोग्रामेबल चिपचा पहिला नमुना बाजारात आणणारी झायलिंक्स २०२२ मध्ये एएमडीच्या ताब्यात गेली. झायलिंक्सच्या जुन्या चिपांसाठी लागणारी आयएसई ही आज्ञावली २०१३ च्या १४.७ या आवृत्तीनंतर पुढे सरकली नाही, त्यामुळे अनेक कार्यालयांत तेवढ्यासाठी एखादा जुना संगणक सांभाळून ठेवावा लागतो. बंद झालेल्या चिपांचा शिलकी साठा घेऊन, प्रसंगी मूळ कंपनीच्या परवान्याने त्या पुन्हा बनवणारी रॉचेस्टर इलेक्ट्रॉनिक्ससारखी पेढी १९८१ पासून चालू आहे. तिच्यामुळे मुदत वाढते. पण साठा कधीतरी संपतो, आणि योजनेचे आकलन विकत मिळत नाही.

या अर्धशतकाचा निष्कर्ष एवढाच निघतो की ज्या योजनांचा मूळ मजकूर, तो वाचणारी आज्ञावली, आणि मूळ चिपने कोणत्या प्रश्नाला किती वेळात कोणते उत्तर दिले याची चाचणीपत्रके, ही तिन्ही एकत्र जतन झाली, त्या योजना चिप बदलूनही जगल्या. बाकीच्यांना दुरुस्तीऐवजी पुनःसंशोधनाचा खर्च सोसावा लागला. म्हणून आज जो अभियंता एखाद्या चिपमध्ये आपला तर्क उतरवीत आहे, त्याने काम संपल्याची सही करण्यापूर्वी या तिन्ही गोष्टी दप्तरात दाखल कराव्यात, आणि त्याच्या वरिष्ठाने त्या पाहिल्याखेरीज काम स्वीकारू नये.