जुन्नरी कागद व रद्दीचा उपयोग

जुन्नरी कागद : पुणे जिल्ह्यातील जुन्नर येथे कागदी जमातीच्या मुसलमान कारागिरांनी हाताने बनविलेला कागद. मराठेशाहीच्या दप्तरांत दौलताबादी कागदाप्रमाणेच याचाही वापर होत असे. नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावरील हे प्राचीन नगर. १४९० मध्ये मलिक अहमदाने निजामशाहीची स्थापना येथूनच केली. दरबाराबरोबर दप्तर येते आणि दप्तराला कागद लागतो. परंतु या धंद्यास वाहत्या पाण्याचीही तितकीच गरज असते. ती कुकडी नदीने भागविली. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुऱ्याचे कारागीर पेशवाईत जुन्नरहूनच गेले, असे सांगतात.

या धंद्याचा कच्चा माल म्हणजे टाकाऊ वस्तूच : तागाची जुनी पोती व रद्दी कागद. रद्दी रंगाप्रमाणे निवडून फाडीत, भिजवीत व पायाने चालविण्याच्या जड लाकडी हातोड्याखाली कुटीत. लगदा चुन्याच्या पाण्यात मुरवून नदीवर फडक्यात धूत व पुन्हा कुटीत. मग तो हौदातील पाण्यात ढवळून गवताच्या काड्यांच्या चटईवर उचलीत. पाणी निथळल्यावर मागे राहिलेला पातळ ताव भिंतीला चिकटवून वाळवीत, त्यास खळ लावीत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत. घोटलेल्या तावावर बोरूने लिहिताना शाई फुटत नसे. चुन्यामुळे तंतू सुटे व स्वच्छ होत. शिवाय अशा अल्कधर्मी पाण्यात कवके सहसा वाढत नसल्याने लगदा नासण्याचे भय कमी राही.

तथापि प्रत्येक कुटणीत तंतू आखूड होतो आणि फार आखूड तंतू चटईवर न ठरता पाण्याबरोबर निघून जातो. त्यामुळे एकच रद्दी कितीही वेळा कागद होऊ शकत नाही. कारागिराच्या दृष्टीने हा तंतू संपलेला असतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तसे नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हातकागद मागे पडला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने त्यास पुन्हा चालना दिली आणि १९४० मध्ये पुण्यास हातकागदाचे केंद्र निघाले. पण जुन्नरचे जुने वैभव परतले नाही.

कागदातील मुख्य घटक सेल्युलोज ही ग्लुकोज शर्करेच्या रेणूंची लांब साखळी होय. ती तोडणारी सेल्युलेज ही एंझाइमे (जैव विक्रियांचा वेग वाढविणारी प्रथिने) अनेक कवकांत असतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवरील अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. त्यांवरून मिळालेल्या कवकाचे पुढे ट्रायकोडर्मा रीसेई असे नामकरण झाले. नासाडी थांबविण्यासाठी हाती घेतलेले हे संशोधन १९७३ च्या खनिज तेलाच्या टंचाईनंतर उलट दिशेने वळले. मॅसॅचूसेट्समधील नेटिक येथील सैनिकी प्रयोगशाळेत एल्विन रीझ व मेरी मँडेल्स यांच्या कार्याच्या आधारे रद्दी वर्तमानपत्रांपासून ग्लुकोज बनविण्याचे प्रयोग झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही सेल्युलेजांवर संशोधन झाले.

या पद्धतीत दळलेली रद्दी सु. ५०° से. तापमानाच्या, किंचित अम्लीय पाण्यात एंझाइमांसह ठेवतात. निर्माण झालेले ग्लुकोज यीस्टने किण्वित करून ऊर्ध्वपातनाने एथिल अल्कोहॉल वेगळे करतात. ते इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळून जाळता येते. सैद्धांतिक हिशेबाने १०० किग्रॅ. सेल्युलोजापासून १११ किग्रॅ. ग्लुकोज व त्यापासून सु. ५७ किग्रॅ. (सु. ७२ लिटर) अल्कोहॉल मिळावे, प्रत्यक्षात कमी मिळते. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातील लिग्निन शिल्लक असते व ते एंझाइमांना अडविते. कचेरीतील पांढऱ्या कागदातून लिग्निन काढलेले असते, परंतु त्यात भरण म्हणून बहुधा कॅल्शियम कार्बोनेट घालतात. ते पाण्याची अम्लता मारते आणि एंझाइमांचे काम मंदावते. जुन्नरच्या कारागिराचा चुना त्याचाच सगोत्र. तेथे तो लगद्याचा रक्षक होता, येथे अडथळा ठरतो. एंझाइमांची किंमत ही आणखी एक अडचण. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीच्या तंत्रावर उभारलेला व २०२२ मध्ये उद्घाटन झालेला पानिपतचा कारखाना याच तत्त्वावर चालतो, पण त्याचा कच्चा माल भाताचा पेंढा आहे.

लांब तंतूची रद्दी थेट अल्कोहॉलाकडे नेणे हा अपव्ययच होय. रद्दीवर चालणाऱ्या गिरण्यांतून आखूड तंतूंचा बराच गाळ बाहेर पडतो. तो आधीच बारीक झालेला असल्याने एंझाइमांना सहज लाभतो; त्यातील खनिज भरण मात्र आधी धुऊन किंवा अम्लाने काढावे लागते. कुकडीच्या पाण्यात वाहून जाई तो भाग याच जातीचा होता.